आरामनी ट्यूब

भाऊ,

तुझ्या दुकानाच्या शटरची किल्ली सध्या माझ्या पर्समध्ये आहे. तू असतास तर हे चाललं नसतं. "बुरशीबाईच्या हातात मेडिकल दिलं तर गावात कुणाला औषधच मिळायचं नाही," असं तू चारचौघांत म्हणायचास आणि लोक हसायचे. आता तू नाहीस, शटर खाली आहे आणि तरी लोक येतात. पायरीवर उभे राहून कुलूप बघतात आणि शेजारच्या किराणावाल्याला विचारतात, "आरामनी ट्यूब कोठे भेटी?" तो बिचारा सांगतो की भाऊ गेले. मग ते हळहळतात, डोक्यावरची टोपी क्षणभर काढतात आणि दुसऱ्या मेडिकलकडे चालू लागतात.

काल वहिनीनेही तेच विचारलं. आतल्या खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि परकराची नाडी सैल करून कंबर दाखवली. नाडीच्या खाली डाव्या कुशीपासून उजव्या कुशीपर्यंत नुसता राखाडी, मळकट पट्टा आहे. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालीय. "ताई, दुकान उघाडा नि एक ट्यूब काढी द्या," ती म्हणाली. "बठ्ठी रात खाजवस मी." मी विचारलं, किती वर्षं लावताय? तर म्हणाली, "तुम्हना भाऊनी दिधी तैपासून." म्हणजे तिलाही आठवत नाही.

मी किल्ली दिली नाही. तुला जाळून आलो त्याला महिना झाला नाही आणि नणंद दुकानाची किल्ली दाबून बसली, असं तिला वाटत असणार. वाटू दे. तुझ्या घरातलं एक माणूस, म्हणजे तुलाच, त्या ट्यूबच्या नादाने मी स्मशानात पोचवून आले. दुसऱ्याला तीच ट्यूब माझ्या हाताने काढून देऊ? तुझ्याशी मी हरले, ते हरले. वहिनीच्या बाबतीत मी हरणार नाही, हे तुला सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

आधी माझा राग ऐकून घे. जिवंतपणी कधी ऐकला नाहीस. "गिऱ्हाईक शे, नंतर बोलू," म्हणून फोन ठेवायचास. आता गिऱ्हाईक नाही.

चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. "सर्वांना आराम देणारे आपले लाडके भाऊ." खाली वीस-पंचवीस जणांचे फोटो, त्यातले निम्मे तुला ओळखतही नसतील. तुझा फोटो मागच्या पोळ्याचा आहे, गुलाबी फेटा बांधलेला. त्यात तुला दोन्ही डोळे आहेत. मी बसमधून उतरले, वर बघितलं आणि तशीच खाली मान घालून घरी आले. दारावर भेटायला येणारी माणसंही हेच बोलत होती. "भाऊनी बठ्ठासले आराम दिधा." बायका तोंडाला पदर लावून म्हणत होत्या, "सुटना बिचारा, आते त्याले आराम." प्रत्येकाच्या तोंडात तोच शब्द. मला वाटत होतं, उठावं आणि ओरडावं, की याच शब्दाने खाल्लं याला! पण मी पाण्याचे पेले भरत राहिले.

तो शब्द तू गावाला दिलास. खोक्यावरचं इंग्रजी नाव कुणाला वाचता येत नव्हतं, म्हणून तूच म्हणालास, "आरामनी ट्यूब म्हणा, मी समजी जासू." तेवढ्यावर धरणगावपासून आजूबाजूच्या खेड्यांपर्यंत नाव झालं. कमरेला, मांडीला, काखेत गजकर्ण झालं की माणूस डॉक्टरकडे जात नाही, तुझ्याकडे येतो, दोन बोटं लावतो आणि सकाळपर्यंत खाज गायब. तसं कुठलं खरं औषध करत नाही. ते स्टेरॉइड करतं. हे तुला माहीत होतं. तू काही अडाणी नव्हतास, फार्मसीचा कोर्स केलेला माणूस होतास.

लहानपणचं एक तुला आठवतं का, मला कधी विचारता आलं नाही. आपण कापसाच्या शेतातून अनवाणी येत होतो आणि तुझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. काढायला गेलो तर आणखी आत गेला. दुसऱ्या दिवशी टाच लाल, टम्म सुजलेली, हात लावला तरी तू बोंब मारायचास. तू आईला म्हणालास, यावर काहीतरी लाव, ही सूज घालव. आईने नुसतं गरम पोटीस बांधलं आणि म्हणाली, "पिकू दे." तू रडलास, शिव्या दिल्यास, बहिणीला लाथ मारलीस, म्हणजे मला. आई मात्र ढिम्म. "पिकू दे रे बाप्पा. आपलं आपण निघी." आणि निघालाच. एका सकाळी पू फुटला आणि त्याबरोबर काटा बाहेर आला, काळा, बोटाच्या पेराएवढा. तू तो काडेपेटीत ठेवून सगळ्या गल्लीला दाखवत फिरलास.

पुढे मी कॉलेजात पोरांना शरीराची प्रतिकारशक्ती शिकवायला लागले तेव्हा पहिल्या तासाला हीच गोष्ट सांगायचे. सूज, लाली, गरमपणा, ठणका, पू हा आजार नाही, ही आपली माणसं कामाला लागल्याची खूण आहे. पू म्हणजे तर आपल्याच बाजूने लढून मेलेल्यांचा ढीग. पोरं नाकं मुरडायची. तुझं नाव घेऊन सांगायचे, की माझ्या भावाच्या टाचेने मला हे शिकवलं. पण ज्याच्या टाचेने शिकवलं तो पुढे आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुजा पुसत बसला.

आणि मला शिकवलं तरी कुणी? तूच. तेव्हा आपल्या वडिलांनी, आबांनी, माझ्यासाठी नशिराबादचं स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. मी धुळ्याला जाऊन सूक्ष्मजीवशास्त्र शिकणार म्हटल्यावर भावकीत हसू झालं. "पोरीले बुरशी शिकाले धुळं धाडतस का?" मोठे काका म्हणाले, "बुरशी तं आपला लोणचावर बी शे." तेव्हा तू, नुकतं मिसरूड फुटलेला, उठून सगळ्यांदेखत म्हणालास, "लोणचावरनी बुरशी तुम्हले काढता येस, आंगमधली कोण काढी? ती काढी." आबांनी नशिराबादला नकार कळवला. तू स्वतः मला धुळ्याच्या हॉस्टेलवर सोडलंस. महिन्यातून एकदा बसने यायचास, डब्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन. एकदा बस बिघडली, तू दुसऱ्या दिवशी पोचलास आणि भाकरीवर हिरवट लव आली होती. तू तेवढी लव नखाने खरवडलीस आणि बाकीची खाऊन टाकलीस. मी घाबरून ओरडले. तू म्हणालास, "बुरशीबाई, तुन्हं शिक्षण वाया नको जावाले." तेव्हापासून मी बुरशीबाई.

हे उपकार मी विसरलेले नाही, भाऊ. म्हणून तर एवढं जळतं. मला शिकायला पाठवणारा तू, मी शिकलेलं न ऐकणाराही तूच.

तुझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकाची, दगाआबांची गोष्ट घे. एका उन्हाळ्यात मी तुझ्या काउंटरमागे स्टुलावर बसले होते. दगाआबा आले, धोतर जरा बाजूला करून मांडीवरचं गजकर्ण दाखवलं. काय सुरेख कडं होतं ते! मध्ये कातडी जवळजवळ साफ, आणि भोवती लाल, उठलेली, खवल्यांची कड. मी तुला तिथेच सांगितलं, की बघ, ही कड म्हणजे लढाईची हद्द आहे. बुरशी मधून सुरू झाली. कातडीच्या पेशींनी तिला ओळखलं. कसं ओळखलं? बुरशीच्या भिंतीत एक साखर असते, ती माणसाच्या अंगात कुठेच नसते. पहारेकरी पेशी त्या साखरेवर हात ठेवतात आणि म्हणतात, हा आपला नव्हे. लगेच हाळी जाते. रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणून लाली. त्यातून पांढऱ्या पेशी बाहेर पडून धावत येतात, म्हणून सूज. कातडी आपली वरची साल भराभर टाकायला लागते, म्हणजे बुरशीही सालीबरोबर गळून पडते, म्हणून खवले. मध्ये आपण जिंकलो म्हणून मध्ये साफ. बुरशी कडेने पळते आणि आपली फौज तिच्या मागे. या लाल कडेला हात लावू नको, हिच्या बाजूने औषध दे. बुरशी मारणारं दे, कड मारणारं देऊ नको.

तू सगळं ऐकलंस. मग दगाआबांकडे बघून डोळा मारलास आणि म्हणालास, "आबा, हाई म्हणस तुमन्ही मांडीवर पांढरी टोपीवाले जमेल शेत."

दगाआबा खो खो हसले. हसू मलाही आलं, खोटं कशाला बोलू? पांढऱ्या पेशींना पांढरी टोपीवाले हे नाव तिथेच पडलं आणि घरात रूढ झालं. "पांढरी टोपीवाले काही कामना ऱ्हातस का?" तू म्हणालास. "ज्या गावमा जातस तठे गर्दी करतस, आरडाओरडा करतस, धूळ उडावतस. त्यासले पहिले घर धाडनं पडस." आणि ड्रॉवरमधून ट्यूब काढून दिलीस. एक आठवड्याने दगाआबांची कड बसली. लाली गेली, खाज गेली. आबा म्हणाले, "एकदम आराम शे." बुरशी मात्र तिथेच होती. तिच्यामागे लागलेली माणसं तेवढी तू घरी पाठवली होतीस. पावसाळ्यापर्यंत ती निवांत चालत दगाआबांच्या पोटापर्यंत पोचली. तेव्हा तिला कडही नव्हती, नुसता मळकट डाग, वहिनीच्या कमरेवर आहे तसा. आबांनी आणखी ट्यूब नेली. त्यांना वाटत राहिलं, ट्यूब संपली की रोग येतो, म्हणजे ट्यूब चांगली.

मी चिडले की तू म्हणायचास, "माणूस मन्हाकडे बुरशी माराले येत नही वं, आग थांबवाले येस. दिवसभर कापूस वेचीसनी घामनी थबथब व्हयेल बाईले तू सांगशी का, की आग व्हऊ दे, ती चांगली ऱ्हास?" ती आग खरी असते. ती सोसायला सांगणं सोपं नाही, तेही पंख्याखाली बसणाऱ्या प्राध्यापिकेने. हे मी तुला मान्य करते. पण भाऊ, तू त्यांना दुसरं औषधही दिलं नाहीस. त्याला आठवडे लागतात आणि एवढं थांबणारं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. हे तू मान्य करायला हवं होतंस.

दुसऱ्यांच्या कातडीपुरतं असतं तर मी तुझ्याशी भांडत म्हातारी झाले असते. पण तू तुझ्या गुडघ्यांनाही तसाच आराम दिलास. ती बारीक पांढरी गोळी. ट्यूबमध्ये जे होतं, तेच पोटातून. साखर होती तुला, आईसारखीच. मी कितीदा सांगितलं, की ही गोळी साखर वाढवते आणि वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी सुस्त होतात, हाक ऐकू आली तरी उठत नाहीत. वरून गोळी त्यांना रक्तातून बाहेरच पडू देत नाही. म्हणजे तुझं घर सताड उघडं आणि राखणदार झोपलेले. तू म्हणायचास, "मन्हा गुडघा बी दुखत नहीत नि मी बी झोपस. आराम शे."

बुरशी काही लांबून येत नाही. कापसाच्या तुसात, उकिरड्यात, कुजक्या फळात, घरच्या धुळीत तिची बीजं असतात आणि आपण सगळे ती रोज श्वासातून आत घेतो. तूही घेत होतास, मीही घेते. माझ्या नाकातल्या पेशी ती तिथल्या तिथे गिळतात, उगवू देत नाहीत. चुकून एखादं उगवलंच, तंतू फुटलाच, तर तो एका पेशीला गिळता येत नाही एवढा लांब असतो. मग त्या दहाजणी मिळून त्याला घेरतात. काही तर स्वतःच्या पोटातलं सूत बाहेर काढून त्याच्यावर जाळं टाकतात आणि त्यात स्वतः मरतात. हे मी तुला एकदा सांगितलं होतं, तेव्हा मात्र तू हसला नव्हतास. "सोतानं सूत?" एवढंच म्हणाला होतास. आपण कापसातली माणसं, म्हणून तुला ते लागलं असावं.

तुझ्या नाकात एक बीज उगवलं आणि त्याला कुणी घेरलं नाही.

तुझा फोन आला तो दाढेबद्दल. वरची दाढ दुखते, गाल सुजलाय, नाक चोंदलंय. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जळगावला माझ्याकडे ये. तू म्हणालास, "दाढले काय जळगाव?" आणि तुझ्या त्या पांढऱ्या गोळ्या वाढवल्यास. पुढच्या फोनवर आवाज एकदम हलका. "दुखनं बंद वं! गालले हात लावा तरी समजत नही. आराम शे."

भाऊ, तुझी सूज बरी झाली नव्हती. गालाला हात लावून समजत नाही म्हणजे गाल मेलाय. ही बुरशी, जिला लोक काळी बुरशी म्हणतात, रक्तवाहिनीत शिरते आणि ती आतून बुजवून टाकते. पुढचं मांस रक्तावाचून मरतं, काळं पडतं. मेलेलं दुखत नाही. तुझ्या सगळ्या आयुष्याच्या धंद्याचं फळ त्या एका वाक्यात होतं आणि तू ते मला आनंदाने सांगत होतास.

मी सकाळी गाडी करून आले. तू काउंटरवर होतास. बाजाराचा दिवस. तुझी डावी पापणी खाली पडली होती, निम्मा डोळा झाकलेला, आणि तू उरलेल्या दीड डोळ्याने एका बाईला आरामनी ट्यूब देत होतास. मी म्हटलं, ऊठ. तू म्हणालास, "बाजार आटपू दे." मी स्टुलावर बसले. मग उठले. मग हात धरून ओढलं. तू सगळ्यांसमोर हसून म्हणालास, "हाई मन्ही बहीण, बुरशी दखाडाले उनी." लोक हसले. ऊन कलेपर्यंत तू मला तिथे बसवून ठेवलंस. तो तुझा बाजार मी तुला कधीही माफ करणार नाही. मेलेल्या माणसाला क्षमा करावी म्हणतात. म्हणोत.

जळगावात डॉक्टरांनी दुर्बीण घालून नाकाच्या आत बघितलं आणि मला आत बोलावलं. दुर्बिणीचा पडदा माझ्याकडे फिरवला. मी आयुष्यभर काचपट्टीवर बुरशी बघितली आहे. निळी रंगवलेली, नाजूक, फांद्या फुटलेली, पोरांना मी सांगायचे की किती सुंदर दिसते बघा. तुझ्या नाकात ती अशी दिसली नाही. तिथे नुसतं काळं होतं. ऑपरेशन झालं, टाळूचा तुकडा गेला, दुसऱ्या ऑपरेशनमध्ये डोळा गेला. बुरशीवरचं औषध शिरेतून चालू होतं, पण औषधही रक्तानेच पोचतं ना? जिथे रक्त नाही तिथे औषध नाही आणि तुझे टोपीवालेही नाहीत.

शेवटचं नीट बोलणं त्यानंतरचं. अर्धा चेहरा पट्टीत, शब्द टाळूच्या भोकातून फुसफुसत येणारे. तू बोटाने जवळ बोलावलंस. मला वाटलं, वहिनीचं काही सांगशील, दुकानाचं सांगशील. तू म्हणालास, "पांढरी टोपीवाले उनात का वं?"

इतकी वर्षं मी तुला जे शिकवायला धडपडले, ते तू अखेर विचारलंस. आणि मी काय सांगणार होते? की तूच त्यांना घरी धाडलंस? वाटाच बुजल्यात? मी म्हटलं, "येत आहेत, भाऊ. रस्त्यात आहेत."

पट्टीबाहेरचा गाल किंचित हलला. "येष्टीवर येत व्हतीन," म्हणालास.

त्यावर मी हसले. तुझ्यासमोर हसले आणि जिन्यात जाऊन रडले. तुझ्या प्रत्येक थट्टेवर मी आयुष्यभर हसत आले, म्हणून तुझं प्रत्येक चुकणं गोड वाटलं सगळ्यांना. तू कडू माणूस असतास तर लोकांनी तुझ्या ट्यूबवर लवकर संशय घेतला असता.

तर आता वहिनी. आज सकाळी मी तिला जळगावला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ती येत नव्हती. दारावरची माणसं यायची थांबली नाहीत, बाईने घर सोडू नये, असं सगळं झालं. मी ऐकलं नाही. डॉक्टरांनी कातडी खरवडून बघितली, तीच गजकर्णाची बुरशी, वर्षानुवर्षांची, लठ्ठ झालेली. ट्यूब बंद, बुरशी मारायच्या गोळ्या सुरू, बऱ्याच आठवड्यांच्या. आणि म्हणाले, सुरुवातीला आग होईल, लाल होईल, आत्तापेक्षा वाईट दिसेल. घाबरून ट्यूबकडे जाऊ नका. परतताना वहिनी बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "तुम्हना भाऊ ऱ्हाता तं मन्ही आशी दशा व्हऊ नही देता." मी गोळ्यांचं पाकीट तिच्या उशाशी ठेवलं. बोलले असते तर फार बोलले असते.

भाऊ, इथपर्यंत लिहून मी थांबले होते. पुढे काय लिहावं सुचेना. कागद आठवडाभर तसाच पडून राहिला आणि मी जळगावला माझ्या घरी परत आले. किल्ली बरोबर आणली. वहिनी दुसऱ्या मेडिकलमधून ट्यूब आणेल का, ही भीती होतीच. तिला कोण अडवणार? तुझा शब्द तर सगळ्या तालुक्यात विकला जातोय.

आज दुपारी तिचा फोन आला. रडत होती.

"ताई, बठ्ठं लाल व्हयी गयं. आग आग व्हस. कमरले चारीमेर कड उठनी, खवला पडी राह्यनात. हाई कशानं औषध दिधं तुम्हीन?"

"ट्यूब लावली का?" मी विचारलं.

"नही. तुम्ही किल्ली कोठे दिधी? नि दुसराकडे जावानी लाज वाटस. भाऊनी घरवाली नि ट्यूब इकत ली?"

बघ, तुझी अब्रू शेवटी कामाला आली.

"कड कशी आहे, वहिनी? नीट सांगा. हात लावून सांगा."

"उठेल शे. गरम शे. लालभडक. मझार जराशी साफ व्हयी राह्यनी."

मध्ये साफ, भोवती लाल कड. मी पदराने तोंड दाबलं. तिला वाटलं, मी ऐकतच नाहीये. "ताई? ताई, काय करू मी?"

मी आईचा आवाज काढायचा प्रयत्न केला. तो माझ्याकडे नाही, पण शब्द तेच.

"पिकू दे, वहिनी," मी म्हटलं. "पिकू दे."

भाऊ, पांढरी टोपीवाले आले. येष्टीने आले, फार उशिरा आले, पण तुझ्याच घरी आले. तू तेवढा दारात थांबला नाहीस.